समुद्रकाकडी आणि ‘ध’चा ‘मा’

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तहनामे आणि तलवारी उभ्या राहतात. शाळेत इतिहास शिकवता शिकवता माझ्या ध्यानात आले की, वस्तूंनाही इतिहास असतो, आणि पुष्कळदा तो राजेरजवाड्यांच्या इतिहासापेक्षा लांबचा पल्ला गाठतो. मिरी आणि लवंग यांच्यापायी गलबते निघाली व राज्ये उभी राहिली, हे आपण मुलांना सांगतोच. आज मी ज्या वस्तूची हकिगत सांगणार आहे, ती मात्र मिरीलवंगेसारखी सुगंधी नाही. दिसायला तर अगदीच ओंगळ. ऐन दिवाळीत फराळाचे ताट शेजारी ठेवून अंक उघडणाऱ्या वाचकाने थोडा धीर धरावा. तिचे नाव समुद्रकाकडी.

नावात काकडी असली तरी ही भाजी नव्हे. हा प्राणी आहे, आणि तोही तारामाशाच्या गणगोतातला. वीतभर ते हातभर लांब, खरबरीत कातडीचा, समुद्राच्या तळाशी लोळत पडलेला. याच्या जाती सतराशेच्या आसपास भरतात. मेंदू म्हणावा असा अवयव याला नाही. वाळू गिळायची, तिच्यातले कुजकेमुजके पचवायचे आणि धुतल्यासारखी वाळू मागे टाकीत पुढे सरकायचे, हा बहुतेकांचा दिनक्रम. कुणी छेडलेच तर कित्येक जाती आपली आतडीच शत्रूपुढे टाकून देतात आणि पुढे यथावकाश नवी वाढवतात! असा हा निरुपद्रवी, गरीब जीव. परंतु त्याच्यापायी माणसांनी समुद्र ओलांडले आहेत.

चिनी लोक त्याला ‘हायशेन’ म्हणतात. म्हणजे समुद्रातले जिनसेंग. जिनसेंग हे त्यांचे मोठे बलवर्धक मूळ. तेव्हा या जिवाला त्यांनी कोणत्या पंक्तीत बसवले ते नावावरूनच कळते. मलाया भाषेत तो ‘त्रिपांग’ झाला. पोर्तुगीजांनी त्याला ‘बिशो दो मार’, समुद्रातला किडा, असे रोखठोक नाव दिले आणि त्याचेच फ्रेंच वळणाचे रूप पुढे व्यापाऱ्यांच्या वहीत चढले. आपल्या तमिळ बांधवांनी त्याला ‘कडल अट्टै’, समुद्रातली जळू, असे म्हटले. एकाला जे रसायन वाटते ते दुसऱ्याला जळू वाटते, हा जगाचा न्याय येथेही दिसतो.

चीनची ही भूक भागवायला जे लोक निघाले त्यांत मकासरचे खलाशी मोठे धाडसी. मकासर हे आजच्या इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचे बंदर. वायव्येचा मोसमी वारा सुटला की त्यांची शिडाची गलबते ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याकडे वळत. त्या किनाऱ्याला ते ‘मारेगे’ म्हणत. उथळ पाण्यातून समुद्रकाकड्या गोळा करायच्या, चिरून आतडी काढायची, मोठाल्या कढयांत उकळायच्या, धुरावर वाळवायच्या आणि वारा फिरला की माल भरून परतायचे. तेथून तो माल चीनला जाई. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज कप्तान ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजातून ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढीत जात असताना त्याला या गलबतांचा एक काफिला भेटला. प्रमुखाचे नाव पोबासू. फ्लिंडर्सचा आचारी मलायी होता. तोच दुभाष्या झाला. पोबासूने सांगितले की, गेल्या वीस वर्षांत आपण सहासात वेळा इकडे आलो आहोत, आणि या खेपेस साठ गलबते व हजार माणसे किनाऱ्यावर आहेत. इंग्रज ज्या भूमीचा शोध लावायला निघाले होते, तेथे हजार माणसे काकड्या उकळीत बसली होती!

हा व्यापार १९०६-०७ पर्यंत चालला. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने परवाने नाकारले आणि मकासरची गलबते यायची थांबली. पण खुणा राहिल्या. खलाशांनी फेकलेल्या चिंचोक्यांतून उगवलेली चिंचेची झाडे त्या किनाऱ्यावर आहेत. तिथल्या योल्ङु या आदिवासींच्या बोलीत पैशाला ‘रूपिया’ म्हणतात. आपला रुपया मलायी मुलखातून समुद्रकाकडीच्या गलबतात बसून किती दूर गेला, हे वाचून मला तरी मौज वाटली.

इतके सारे झाले, पण घेणारे आणि विकणारे यांपैकी कुणालाही या जिवाच्या अंगात नेमके काय आहे ते ठाऊक नव्हते. ‘खाल्ल्याने शक्ती येते’ एवढ्यावर सारा व्यवहार. ती श्रद्धा होती, ज्ञान नव्हते. ज्ञानाची किल्ली सापडली ती भलत्याच ठिकाणी, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, आणि तीही कुत्र्याच्या यकृतात. तेव्हा आता आपल्याला काही वेळ समुद्र सोडून प्रयोगशाळेत शिरले पाहिजे.

१९१६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी प्राध्यापक विल्यम हॉवेल यांच्या हाताखाली काम करीत होता. जखम झाली की रक्त साकळते, म्हणून तर आपण वाचतो. हे साकळणे कशाने घडते, तो पदार्थ शुद्ध करायचे काम त्याला दिले होते. त्याला सापडले नेमके उलटे. यकृतातून काढलेला एक पदार्थ रक्ताला साकळूच देईना! मॅक्लीनने पुढे लिहून ठेवलेल्या हकिगतीप्रमाणे, त्याने मांजराच्या रक्ताने भरलेले एक पात्र घेतले, त्यात हा पदार्थ ढवळला, ते गुरूच्या टेबलावर ठेवले आणि ‘हे साकळले की मला सांगा’ असे तो म्हणाला. ते शेवटपर्यंत साकळले नाही. १९१८ साली यकृताच्या ग्रीक नावावरून अशा पदार्थाला ‘हेपॅरिन’ हे नाव मिळाले.

नाव मिळाले तरी औषध व्हायला जवळजवळ वीस वर्षे गेली. पहिलावहिला माल इतका अशुद्ध की, तो टोचला तर ताप आणि डोकेदुखी व्हायची. कॅनडातील टोरांटोला चार्ल्स बेस्ट, म्हणजे इन्शुलिनच्या शोधातला तो तरुण, आणि त्याचे सहकारी यांनी १९३३ पासून ते शुद्ध करण्याचा चंग बांधला. आधी गुरांची यकृते, मग फुप्फुसे. स्टॉकहोमला एरिक यॉर्पेस यांनी १९३५ साली दाखवून दिले की, हेपॅरिन म्हणजे शर्करेची साखळी असून तिच्यावर सल्फेट, म्हणजे गंधकाचा अंश, भरमसाट लागलेला आहे. पुढे हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांचे डायलिसिस यांना या पदार्थावाचून चालेनासे झाले. शस्त्रक्रियेनंतर गुठळी होऊ नये म्हणून पोटावर टोचतात त्या इंजेक्शनांचा मूळपुरुष हाच. पुष्कळ घरांत तो कुणाच्या ना कुणाच्या उशाशी येऊन गेला असेल. नाव मात्र थोड्यांना ठाऊक.

आता ही ‘सल्फेटयुक्त बहुशर्करा’ म्हणजे काय ते समजून घेऊ. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेच्या प्रयोगशाळेपुरता. म्हणून मी मला समजेल अशा भाषेत सांगतो. एक माळ कल्पा. तिचा एकेक मणी म्हणजे शर्करेचा एकेक कण. चहात घालतो ती साखर दोन मण्यांची. ही माळ शेकडो मण्यांची असू शकते. कित्येक मण्यांवर टिकली चिकटवावी तसा सल्फेट चिकटलेला असतो. प्रत्येक टिकलीवर ऋण विद्युतभार असतो. रक्तातली कित्येक प्रथिने अशा टिकल्यांकडे ओढली जातात आणि त्यांना चिकटून आपला स्वभाव बदलतात. कुठे शांत होतात, कुठे खवळतात.

टिकल्या पुष्कळ असल्या की झाले, असे आधी वाटे. पण १९८० च्या सुमारास स्वीडनचे उल्फ लिंडाल आणि फ्रान्सचे जाँ शोए यांच्या मंडळींच्या संशोधनातून वेगळेच दिसले. रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचा एक पहारेकरी असतो. साकळण्याला आवर घालणे हे त्याचे काम. हेपॅरिनच्या माळेत पाच मण्यांचा एक विशिष्ट तुकडा असतो, तोच या पहारेकऱ्याला जागा करतो. जवळजवळ एकतृतीयांश माळांतच तो तुकडा असतो. त्या पाचांतल्या मधल्या मण्यावरची एक ठरावीक टिकली काढली की पहारेकरी ओळख दाखवीत नाही. बाकीच्या साऱ्या टिकल्या जागच्या जागी असल्या तरीही! याच पाच मण्यांच्या नमुन्यावर कृत्रिम तुकडा घडवून फोंडापॅरिनक्स नावाचे औषध केले गेले. त्याला २००१ साली मान्यता मिळाली.

हे वाचताना मला आपल्या इतिहासातली एक आख्यायिका आठवल्यावाचून राहिली नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हुकुमात ‘धरावे’ असे होते, त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ झाला आणि ‘मारावे’ असे वाचले गेले, असे लोक सांगतात. ती खरी किती, खोटी किती, हा वाद इतिहासकारांचा. पण तिच्यातला मुद्दा खरा आहे. कागद तोच, शाई तीच, शब्दही जवळजवळ तेच. एक अक्षर बदलले आणि कैदेच्या जागी मृत्यू आला. शर्करेच्या माळांची लिपी अशीच आहे.

आता पुन्हा समुद्राकडे वळू. रिओ द जानेरोच्या विद्यापीठात पाउलो मोरांव आणि त्यांचे सहकारी समुद्री जिवांतल्या अशा माळा तपासत होते. १९८८ साली व्हिएरा आणि मोरांव यांनी ब्राझीलच्या किनाऱ्यावरील एका समुद्रकाकडीच्या जाड कातडीतून एक माळ काढली आणि ती उलगडून पाहिली. तिचा मुख्य दोरा ओळखीचा निघाला. आपल्या नाकाच्या शेंड्यातल्या मऊ हाडात, म्हणजे कूर्चेत, कॉन्ड्रॉइटिन सल्फेट नावाची जी माळ असते, तीच. ग्लुकुरॉनिक आम्ल आणि गॅलॅक्टोसामाइन असे दोन प्रकारचे मणी आलटून पालटून ओवलेले. पण या दोऱ्याला झुंबराचे लोलक लोंबावेत तसे फ्यूकोज नावाच्या शर्करेचे मणी लोंबत होते, आणि त्या लोलकांवर सल्फेटच्या टिकल्या! फ्यूकोज ही तपकिरी समुद्रशेवाळात विपुल सापडणारी शर्करा. अशी माळ पूर्वी कुणी पाहिली नव्हती. कूर्चेतल्या साध्या माळेचे तुकडे करणारे जिवाणूंचे विकर हिला लावून पाहिले, तर हिचे काहीच होईना. लोलक उतरवले, तेव्हा ती चटकन तुटली. लोलक चिलखताचे काम करीत होते.

पुढे १९९६ साली याच मंडळींनी दाखवले की ही माळ रक्त साकळू देत नाही, आणि तेही लोलकांच्या जोरावर. लोलक काढा, गुण गेला. लोलक ठेवून टिकल्या काढा, तरीही गेला. शिवाय समुद्रकाकडीत आणखी एक माळ असते, निव्वळ फ्यूकोजची. ब्राझीलच्या त्या जातीत दर चार मण्यांनी टिकल्यांचा तोच नमुना पुन्हा येतो, एखाद्या पैठणीच्या काठावर वेलबुट्टी यावी तसा. आणि जात बदलली की लोलकांवरच्या टिकल्यांच्या जागा बदलतात. प्रत्येक जातीचे हस्ताक्षर निराळे.

यात लोकांना आशा दिसली ती अशी. हेपॅरिन काढतात डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून. गुरांपासून काढलेले हेपॅरिन अमेरिका-युरोपात १९९० नंतरच्या दशकात, गाईंच्या मेंदूच्या रोगाच्या भीतीने, मागे पडले. शिवाय हेपॅरिन पोटातून घेऊन उपयोग नाही, टोचावेच लागते. समुद्रकाकडीची चिलखती माळ मात्र पोटातून दिली तरी काम करते, असे २००६ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले. मग काय हवे?

पण त्यानंतर दोनच वर्षांनी जगाला ‘ध’चा ‘मा’ प्रत्यक्ष पाहावा लागला. २००७ च्या अखेरीस आणि २००८ च्या आरंभी अमेरिकेत डायलिसिससाठी आलेल्या रुग्णांना नेहमीचे हेपॅरिन टोचले आणि काहींचा रक्तदाब एकाएकी कोसळला, श्वास कोंडला. ऐंशीच्या आसपास मृत्यू या प्रकरणाशी जोडले गेले. औषधाचा कच्चा माल चीनमधून आलेला होता. २००६-०७ मध्ये तिथे डुकरांत मोठी रोगाची साथ पसरली होती, आणि कच्च्या मालाची चणचण झाली होती. तपास करता हेपॅरिनमध्ये भेसळ सापडली, आणि तसला माल निदान अकरा देशांत पोचला होता.

भेसळ कशाची? त्याच कूर्चेतल्या कॉन्ड्रॉइटिनची. पण तिच्यावर रसायने वापरून टिकल्यांची खच्चून भर घातलेली. हिशेब पाहा. कूर्चेतल्या माळेत दर दोन मण्यांमागे साधारण एक टिकली असते. हेपॅरिनमध्ये तीनच्या आसपास. या भेसळीत चार! साकळणे थांबवण्याचा थोडा गुण तिच्यात होता, म्हणून त्या काळच्या परीक्षेत ती हेपॅरिन म्हणून सहज उत्तीर्ण झाली. माल हेपॅरिनपेक्षा कितीतरी स्वस्त. पण तिच्या टिकल्यांनी रक्तातल्या बाराव्या क्रमांकाच्या घटकाला खवळवले, त्यातून रक्तदाब पाडणारे द्रव्य सुटले आणि माणसे गेली. परीक्षकांनी ‘काम करते का?’ एवढेच विचारले होते. ‘तू आहेस कोण?’ हे विचारले नव्हते. चुंबकीय अनुनादाच्या पद्धतीने अमेरिका आणि इटलीतल्या शास्त्रज्ञांनी माळेतल्या टिकल्यांच्या जागा एकेक करून वाचल्या, तेव्हा चोर सापडला. त्यानंतर हेपॅरिनच्या परीक्षेचे नियमच बदलले.

या घटनेने समुद्रकाकडीच्या अभ्यासकांनाही जागे केले. २०१० साली रिओच्या त्याच मंडळींनी आपली लाडकी माळ त्या भेसळीशेजारी ठेवून तपासली, आणि जे दिसले ते न लपवता छापले. समुद्रकाकडीची अखंड माळदेखील त्या बाराव्या घटकाला डिवचते. वीसबावीस वर्षे ज्या पदार्थामागे घालवली, त्याचा दोष आपणच उघड करायचा, याला मी शास्त्रातले शौर्य म्हणतो. माझ्या वर्गात मी लढायांबरोबर हीही गोष्ट सांगतो.

मग वाट खुंटली का? नाही. माळ लांब आहे म्हणून ती भलत्या ठिकाणी हात घालते. तिचे लहान तुकडे केले तर? चीनच्या कुनमिंग शहरातील संशोधकांनी २०१५ साली समुद्रकाकडीच्या माळेतून अवघ्या नऊ मण्यांचा शुद्ध तुकडा वेगळा काढला. साकळण्याच्या साखळीतल्या एकाच टप्प्याला तो आवर घालतो, आणि तो टप्पा हेपॅरिनच्या टप्प्याहून वेगळा आहे. प्रयोगशाळेपासून दवाखान्यापर्यंतची वाट लांब असते. हेपॅरिनलाही ती होती. पण पोबासूच्या साठ गलबतांत जे भरले होते, त्यातली नऊ अक्षरे माणसाला अखेर लागली, एवढे खरे.

म्हणून ‘समुद्रकाकडी खा, तिच्यात औषध आहे’ असे कुणी बाटलीवर छापून विकू लागला, तर मी त्याला विचारीन, कोणती जात? कोणती माळ? अखंड की तुकडा? टिकल्या कुठे आहेत? याची उत्तरे नसतील तर तो अजून मकासरच्या काळात आहे. एवढेच की, मकासरचे खलाशी औषधाचा दावा करून कुणाला टोचायला जात नव्हते.

आणि इथेच माझ्या मनाला खरी टोचणी आहे. या जिवाची भूक आता चीनपुरती राहिली नाही, आणि पैसा इतका की समुद्रच्या समुद्र रिकामे झाले. आपल्या मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या सामुद्रधुनीत हा धंदा पिढ्यानपिढ्या चाले. २००१ साली भारत सरकारने सर्व समुद्रकाकड्यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घालून संरक्षण दिले. वाघाच्या पंक्तीला ही जळू जाऊन बसली! रामनाथपुरमच्या कोळ्यांची त्याविरुद्ध तक्रार आहे, आणि पोटावर पाय आलेल्या माणसाची तक्रार उडवून लावता येत नाही. चोरटा व्यापारही थांबला नाही. २०२० साली लक्षद्वीपात समुद्रकाकडीसाठी खास राखीव क्षेत्र जाहीर झाले.

इतिहासाच्या माणसाला एखादे मोडी दफ्तर वाळवीने खाल्लेले सापडले की हळहळ वाटते. त्यात काय लिहिले होते, ते आता कुणालाच कळणार नाही म्हणून. समुद्रकाकडीच्या सतराशे जातींपैकी मूठभरांच्याच माळा आजवर बारकाईने वाचल्या गेल्या आहेत. उरलेल्या जाती अजून वाळू गिळीत, वाळू धूत तळाशी सरकत आहेत, प्रत्येकीच्या अंगावर तिचे तिचे हस्ताक्षर घेऊन. ती दफ्तरे वाचायची तर ती आधी जिवंत राहिली पाहिजेत.